तांदळातलं नाव

माप ओलांडून नवी सून घरात आली, लक्ष्मीपूजन झालं, की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहितो. पेढे वाटले जातात, तांदूळ परत डब्यात जातात. पण कोल्हापुरातल्या ज्या मुलीचा नवरा न्यू जर्सीत किंवा टेक्सासात असतो, तिला ते ताटभर तांदूळ पुढं वर्षभर पुरतात. पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.'च्या पुढं लाडाचं, आणि जन्मदाखल्यावर बहुधा काहीच नाही.

जन्मदाखला बिननावाचा असणं आपल्याकडं नवलाचं नाही. दवाखान्यातून नोंद लगेच जाते, बारसं मागाहून होतं. मग दाखल्यावर आई-वडिलांची नावं असतात, तारीख असते, 'स्त्री' असतं, आणि बाळाच्या नावाची जागा कोरी. ती कुणाला कधी खटकत नाही. अमेरिकेचा व्हिसा काढायची वेळ आली, की तिशीला टेकलेली बाई महापालिकेच्या खिडकीशी उभी राहून स्वतःचं बारसं कागदावर उरकून घेते.

नाव बदलून अमेरिकेला गेलेली आपली सर्वांत प्रसिद्ध बाई म्हणजे आनंदीबाई जोशी. माहेरच्या यमुनेला 'आनंदी' हे नाव नवऱ्यानं, गोपाळरावांनी दिलं. १८८३ साली ती नवऱ्याशिवाय न्यूयॉर्कला उतरली, तेव्हा तिच्याकडं कुणी व्हिसा मागितला नाही, कारण व्हिसा नावाची भानगडच तिथं नव्हती. आदल्याच वर्षी अमेरिकेनं चिनी मजुरांना दार बंद केलं होतं. कल्याणच्या बाईला अडवणारा कायदा व्हायचा होता. पुढं गोपाळरावही तिकडं पोचले. जोडीदारामागोमाग अमेरिकेला गेलेल्या मराठी माणसांत अगदी आरंभीचा मानकरी एक नवरा आहे, याची मला फार गंमत वाटते. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि त्यांना नेमणूक मिळाली ती कोल्हापूर संस्थानची, आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, तेच हे रुग्णालय. तिथं रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या पुण्यात वारल्या.

नंतर दारं मिटत गेली. १९१७ च्या कायद्यानं जवळजवळ सगळा आशिया बाहेर ठेवला. १९४६ मध्ये फट उघडली तीही केवढी, तर अख्ख्या भारतासाठी वर्षाला १०० माणसं! १९६५ च्या कायद्यानं चित्र पालटलं. अमेरिकी नागरिकाचा नवरा किंवा बायको यांच्या संख्येवर आज कसलीच मर्यादा नाही. ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदाराला मात्र रांग आहे. त्याचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला, ती तारीख म्हणजे तिचा रांगेतला नंबर. दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं एक तक्ता काढतं, कुठल्या तारखेपर्यंतच्या माणसांची पाळी आली ते सांगणारा. तारीख कधी पुढं सरकते, कधी थबकते, कधी चक्क मागं जाते. घरोघरी तो तक्ता पंचांगासारखा पाहतात. एक दिलासा असा, की कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त व्हिसे नाहीत, या ज्या नियमानं नोकरीच्या रांगेतले भारतीय वर्षानुवर्षं अडकतात, त्यातून जोडीदारांच्या या रांगेतले पाऊण हिस्सा व्हिसे वगळलेले आहेत.

हे सगळं सुरू करायचं असतं तिकडच्यानं. नवरा 'आय-१३०' नावाचा अर्ज भरतो. तो मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ गावी जाते. तिथल्या व्हिसा केंद्रात जगभरच्या लग्नांचे कागद गोळा होतात. माणूस तिथं कुणी भेटत नाही. आपल्या विवाह नोंदणीचा दाखलाही तिथंच पोचतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा म्हणतो, सप्तपदीची रीत असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं झालं. पण ते पाऊल स्कॅन कसं करणार? म्हणून लग्नपत्रिका, तीन साक्षीदार आणि भटजींची सही घेऊन नोंदणी कार्यालय गाठावं लागतं.

या गठ्ठ्यातला सर्वांत विलक्षण कागद नवऱ्याच्या सहीचा असतो, 'आय-८६४'. कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या निदान सव्वापट आपली मिळकत आहे आणि बायकोचा भार सरकारवर पडू देणार नाही, असा हा करार. तो सुटतो कधी? ती नागरिक झाली, साधारण दहा वर्षांचं काम तिच्या खाती जमलं, ती कायमची देश सोडून गेली, किंवा दोघांतलं एक वारलं, तर. घटस्फोटानं तो सुटत नाही. लग्न मोडतं, कागद टिकतो! सात जन्मांच्या गोष्टी आपण करतो. निदान या एका जन्माचं लेखी हमीपत्र घेतलं ते अमेरिकी सरकारनं.

मग प्रश्न येतो, लग्न खरं कशावरून? १९७५ साली तिथल्या एका अपील न्यायालयानं 'बार्क' खटल्यात कसोटी सांगितली ती अशी, की लग्न करताना दोघांचा एकत्र संसार थाटायचा इरादा होता का, एवढं पाहायचं. नंतर बिनसलं म्हणून आधीचं लग्न खोटं ठरत नाही. कांदेपोह्यांवर ठरलेल्या लग्नालाही या कसोटीची अडचण नाही. प्रेम किती जुनं, हे ती विचारतच नाही. फक्त इरादा दिसत नसतो, म्हणून फोटो, विमानाची तिकिटं, रात्री दोनला केलेल्या फोनच्या नोंदी असं सगळं फाइलीला लागतं. आणखी एक अट माझ्या आवडीची. लग्न लागताना दोघं एकमेकांसमोर हजर नसतील, तर सहवास झाल्याशिवाय ते लग्न धरत नाहीत. संस्थानी घराण्यांत नवऱ्याऐवजी त्याचा खांडा बोहल्यावर उभा करायची चाल होती. ती वऱ्हाडी मंडळी या खिडकीवर अडकली असती.

खिडकी म्हणजे मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीची, वांद्रे-कुर्ला संकुलातली. तिथवर पोचायला पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला हवा, छातीचा एक्स-रे, लसी. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबई. काचेपलीकडच्या अधिकाऱ्याशी उभ्या उभ्या बोलणं होतं, आणि महिनोन्महिने जमवलेल्या फोटोंकडं तो कित्येकदा ढुंकूनही पाहत नाही. आईनं निवडून लावलेला अल्बम तसाच परत येतो.

पासपोर्टात चिकटलेला व्हिसा हा प्रवेश नव्हे, दारापर्यंतचा परवाना. तिकडच्या विमानतळावर शिक्का पडला, की त्याच क्षणी ती कायमची रहिवासी होते आणि शिक्का मारलेलं ते पान वर्षभर ग्रीन कार्ड म्हणून चालतं. शिक्का मारताना लग्नाची तारीख मोजतात. दोन वर्षं झालेली नसतील, तर १९८६ च्या कायद्याप्रमाणं कार्ड दोनच वर्षांचं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत लग्न पुन्हा सिद्ध करायचं. दोन वर्षं उलटली असतील, तर कार्ड दहा वर्षांचं. मुंबईत व्हिसा कुठला चिकटवला होता, यापेक्षा पाऊल त्या भूमीवर कधी पडलं हे मोठं. म्हणून लग्नाचा दुसरा वाढदिवस आठवड्यावर आलेला असला, की जाणकार नवरा फोनवर सांगतो, तिकीट पुढं ढकल. आणि लेकीचे आणखी आठ दिवस मिळाले म्हणून आई पुन्हा एकदा पुरणाला डाळ भिजत घालते.