वापरलं त्यानं आवरावं: मुलं, बाथरूम आणि काही पक्के गैरसमज

सकाळी सात ते साडेआठ या वेळात घरातल्या एकुलत्या एका बाथरूमवर जेवढा ताण येतो, तेवढा दुसऱ्या कोणत्याच खोलीवर येत नाही. एकाची शाळेची व्हॅन खाली येऊन थांबलेली, दुसरीची लोकल ठरलेली, आजोबांना गुडघ्यांमुळे सगळ्यालाच वेळ लागतो. अशात आत गेलेल्या माणसाला सीटवर थेंब, फरशीवर साबणाचं पाणी आणि जाळीवर केसांचा पुंजका दिसला की दिवसाची पहिली कटकट तिथंच होते. बहुतेक घरांत मग आई आवरते आणि पुढच्याला आत पाठवते. ज्या मुलानं पसारा केला, ते तोवर बुटांच्या नाड्या बांधत असतं. आपण मागे काय ठेवून आलो हे त्याला दिसलेलंच नसतं.

ते दाखवणं हे मोठ्यांचं काम आहे. ते राहून जातं, कारण आपल्याकडे याविषयी काही समजुती घट्ट बसल्या आहेत. त्यातल्या काहींनी मुलांची सवय बिघडते आणि एक-दोन तर सरळ धोक्याच्या आहेत.

“लहान आहे अजून, मोठं झालं की आपोआप कळेल”

आपोआप कळत नाही. उलट शिकवायची सोपी वेळ निघून जाते. दीड-दोन वर्षांचं मूल आई केर काढायला लागली की झाडू ओढतं, कपडे वाळत घालताना चिमटे हातात देतं. त्या वयात मदत करणं हाच खेळ असतो. आपण मात्र घाईत असतो, “तू सरक, पाणी सांडशील” म्हणून त्याला बाजूला करतो. मूल दहा वर्षांचं झालं की त्याच तोंडानं “जरा हात लाव की कामाला” म्हणतो. आठ वर्षं ज्याला बाजूला केलं, त्याला हे काम आपलं वाटावं कसं?

वयाप्रमाणे काम वेगळं असतं, एवढं खरं. तीन-चार वर्षांचं मूल संडासच्या भांड्यात मगभर पाणी ओतू शकतं, फ्लशचं बटण दाबू शकतं, टॉवेल खुंटीला लावू शकतं. सहा-सात वर्षांचं मूल सीट पुसतं, साबण जागेवर ठेवतं, जाळीवरचे केस कागदात धरून डब्यात टाकतं. आठ-नऊच्या पुढे वायपर आणि ब्रश नीट चालतो. पण साधन त्याच्या मापाचं हवं. मोठ्यांच्या वायपरचा दांडा त्याच्या डोक्यावरून जातो, मग पाणी जाळीकडे जाण्याऐवजी दाराकडे येतं आणि आपण म्हणतो, याला जमत नाही. भरलेली वीस लिटरची बादली वीस किलोची असते. ती मुलाला उचलायला सांगूच नये. अर्धी बादली आणि हलका मग पुरे.

आणखी एक, जे फार महत्त्वाचं आहे. घरात दोन-तीन वर्षांचं बाळ असेल तर भरलेली बादली उघडी ठेवून कुणीही बाहेर येऊ नये. अगदी थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. डोकं जड असल्यामुळे बादलीत वाकलेल्या बाळाला पुन्हा वर येता येत नाही. वापरून झाल्यावर बादली रिकामी करून पालथी घालणं ही मोठ्या भावंडाला लावण्याजोगी पहिली सवय आहे.

“बक्षीस लावलं की करतील”

पहिले चार दिवस करतात. 2008 साली जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी वीस महिन्यांच्या मुलांवर एक प्रयोग केला. मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून दिल्यावर काही मुलांना खेळण्याच्या रूपात बक्षीस दिलं, काहींचं फक्त कौतुक केलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढच्या फेरीत बक्षीस मिळालेली मुलं इतरांपेक्षा कमी मदत करताना दिसली. मदतीची ओढ आतून असते, तिच्यावर किंमत चिकटवली की ती किंमतीवर अवलंबून राहते.

शिक्षा तर त्याहून वाईट. “दंगा केलास ना, आता संडास घास” असं एकदा म्हटलं की ते काम मुलाच्या मनात कायमचं अपमानाशी जोडलं जातं. त्यापेक्षा, “तुझ्यानंतर आजी गेली होती, फरशी कोरडी होती म्हणून बिनधास्त चालली,” हे एक वाक्य जास्त काम करतं. त्यात कौतुक आहे आणि कारणही आहे. वृद्धांना घरात पडायला ओली, साबणाळलेली फरशी पुरेशी असते आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळू शकतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे सांगितलं तर पूर्ण कळतं. आपण सांगत नाही, नुसतं “पुसून घे” म्हणतो.

“एकवीस दिवस करून घेतलं की सवय लागते”

हा आकडा इतका पसरला आहे की तो शास्त्र वाटतो. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘निदान’ गळून पडलं आणि आकडा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झालेला आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळं सांगतो. त्यात भाग घेतलेल्या प्रौढांना एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाचं 18 दिवसांत जमलं, तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशोब निघाला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं.

म्हणून तिसऱ्या आठवड्यात मूल विसरलं की “तुला कितीदा सांगायचं” म्हणून डोक्याला हात लावू नये. काम नेहमी एकाच क्षणाला बांधलेलं असावं: टॉवेल गुंडाळला की वायपर, चड्डी वर केली की फ्लश आणि सीटकडे एक नजर. “वेळ मिळेल तेव्हा बाथरूम आवर” असं सांगितलेलं काम कधीच होत नाही, मोठ्यांकडूनही.

“कडक ॲसिड आणि फिनेलचा वास, म्हणजे खरी स्वच्छता”

याच समजुतीमुळे मुलांना बाथरूमपासून लांब ठेवलं जातं. स्वच्छता म्हणजे बाटली, बाटली म्हणजे धोका, म्हणून मुलांनी हात लावायचा नाही, असा तो हिशोब असतो. तेव्हा घाण होते कशी, हे आधी पाहू.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती सांडून तशीच राहिली की जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि डोळ्यांत जाणारा तो वास सुटतो. पाण्यातले आणि लघवीतले क्षार मिळून पिवळट थर बसू लागतो. तो कुठे बसतो हे मुलाला एकदा दाखवावं: सीट वर करावी आणि तिच्या खालच्या बाजूला, बिजागरीच्या बोल्टांभोवती बोट दाखवावं. वरून पांढरीशुभ्र दिसणारी सीट तिथे पिवळी पडलेली असते. पाच मिनिटांच्या आत ओतलेला मगभर पाण्याचा हबका आणि एक पुसणं एवढ्यानं जे जातं, त्याला पंधरा दिवसांनी ॲसिड लागतं.

फरशीचंही तसंच. बोअरचं किंवा टँकरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. साबण आणि त्या पाण्यातलं कॅल्शियम एकत्र आलं की न विरघळणारी चिकट, करडी साय तयार होते. तिलाच आपण मळ म्हणतो. पाणी जागेवर वाळलं की क्षार मागे राहतात आणि पांढरे डाग पडतात. अंघोळीनंतर लगेच, पाणी वाळायच्या आत वायपर फिरवला तर क्षार पाण्याबरोबर निघून जातात. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि ते मुलाच्या आवाक्यातलं आहे. फरशी कोरडी राहिली की कोपऱ्यातली काळी बुरशीही फार धरत नाही.

ॲसिडनं उलट नुकसान होतं. टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट ते खातं. जुन्या घरांतल्या मोरीला शहाबादी किंवा कडाप्पा असतो, तो चुनखडीचाच दगड. ॲसिडनं त्याचा वरचा गुळगुळीतपणा जातो, मग त्या खरखरीत पृष्ठभागावर मळ आणखी घट्ट बसतो. फिनेलचा वास हा तर स्वच्छतेचा पुरावाच नव्हे. मळावर ओतलेलं जंतुनाशक बरंचसं मळातच खर्ची पडतं. आधी घासून धुवायचं, मग गरज असेल तर जंतुनाशक, हा क्रम आहे.

आणि धोका खरा आहे. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र केली की क्लोरिन वायू सुटतो. “दोन्ही टाकलं की दुप्पट स्वच्छ” हा समज बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतो. डोळे चुरचुरले, ठसका लागला तर ताबडतोब बाहेर यावं आणि दारं-खिडक्या उघडाव्यात. तुंबलेल्या पाइपात टाकायच्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो, तो अन्ननलिका जाळतो. अशा वस्तू पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत कधीही काढून ठेवू नयेत. मुलानं चुकून प्यायलंच तर उलटी करायला लावू नये, कारण तो पदार्थ वर येताना दुसऱ्यांदा जाळतो. तोंड पाण्यानं धुवावं आणि मूळ बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा.

मुलांच्या हातात साबणाचं पाणी, ब्रश, वायपर आणि फडकं एवढंच द्यावं. रोजच्या रोज एवढं झालं तर कडक बाटली क्वचितच काढावी लागते आणि ती मोठ्यांनीच काढावी.

“हे काम आपल्या मुलांचं नाही”

हे वाक्य मोठ्यानं क्वचितच कुणी म्हणतं. मनात मात्र बऱ्याच घरांत असतं आणि त्याला दोन मुळं आहेत. एक जातीचं. संडास साफ करणं हे आपल्या समाजानं शतकानुशतकं ठरावीक माणसांच्या माथी मारलं आणि मग त्या माणसांनाच अस्पृश्य ठरवलं. 1901 साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात घाण पाहून गांधीजींनी स्वयंसेवकांना विचारलं, तेव्हा ते आमचं काम नाही, भंग्याचं आहे असं उत्तर मिळालं. गांधीजींनी झाडू मागून घेतला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी सगळं आयुष्य या प्रश्नाला दिलं. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचं काम मागितलं, ते नाकारल्यावर उपोषणाचा मार्ग धरला आणि येरवड्यातून गांधीजींनी त्यांना उपवासानं साथ दिली. आपल्या शरीरातून निघालेली घाण दुसऱ्यानं उचलावी ही अपेक्षाच त्यांना मान्य नव्हती. आजही “बाई येतात की दुपारी” म्हणून मूल संडास तसाच सोडून बाहेर येतं, तेव्हा तीच अपेक्षा आपण त्याच्या हाती देत असतो. घरकामाला येणाऱ्या मावशी साप्ताहिक घासणं करतीलही. पण कुणाचाही पाणी न ओतलेला संडास त्यांच्या वाट्याला येता कामा नये.

दुसरं मूळ मुलगा-मुलगी भेदाचं. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि पुरुष 97, असं दिसलं. मुळात हे काम करणारे पुरुषच थोडे, जवळपास चारांत एक. हा फरक लहानपणी, अशाच छोट्या सवलतींतून तयार होतो. सीटवर थेंब बहुधा मुलाचे पडतात आणि पुसायला बहिणीला सांगितलं जातं. सीट वर करणं, नेम धरणं, किंवा सरळ बसून लघवी करणं हे मुलाला शिकवता येतं. बाबा स्वतः करत असतील तर फार लवकर शिकवता येतं.

शाळेबाबत मात्र सावध राहायला हवं. जपानमध्ये बहुतेक शाळांत मुलं रोज वर्ग आणि व्हरांडे झाडतात, कित्येक ठिकाणी स्वच्छतागृहही. तिथे सगळ्यांची पाळी असते. आपल्याकडे एखाद्या शाळेत फक्त ठरावीक वस्तीतल्या मुलांना किंवा शिक्षा म्हणून संडास धुवायला लावत असतील, तर तो छळ आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. पालकांनी तिथे गप्प बसू नये.

काही छोट्या समजुतीही आहेत. “स्वच्छतेला पाणी भरपूर लागतं” हे खरं नाही. दोन बटणांच्या फ्लशचं लहान बटण साधारण तीन लिटरचं असतं आणि लघवीला तेवढं पुरतं. कपड्यांचं शेवटचं पाणी भांड्यात ओतायला उत्तम चालतं, हे दुष्काळी भागातल्या घरांना सांगावं लागत नाही. “झाकण लावून फ्लश केला की जंतू उडत नाहीत” हेही अर्धवट. मोठे थेंब अडतात, सूक्ष्म विषाणू फटींतून निघतातच, म्हणून दात घासायचे ब्रश कमोडपासून लांब ठेवावेत आणि हात साबणानं धुवावेत. पॅड किंवा ओले टिश्यू फ्लशमध्ये टाकले तर पाइप तुंबतो. कागदात गुंडाळून डब्यात टाकायचं, हे मुलीला पाळी येण्याआधीच सांगावं आणि घरातल्या मुलग्यालाही माहीत असावं, म्हणजे डब्याकडे बघून तो नाक मुरडणार नाही.

येत्या रविवारी एवढं करा. ॲसिड, ब्लीच, पाइपची पावडर या बाटल्या कुलपाच्या किंवा उंचावरच्या कपाटात हलवा. मुलाच्या उंचीचा वायपर, एक हलका मग आणि एक फडकं त्याचा हात पोचेल अशा खुंटीला लावा. मग त्याच्याबरोबर आत जा, सीट उचलून खालची बाजू दाखवा, जाळी काढून तिच्यातले केस दाखवा आणि एकदा स्वतः करून दाखवा. दुसऱ्या दिवसापासून त्याला करू द्या. राहिलेला कोपरा त्याच्या पाठीमागे गुपचूप पुसून टाकू नका, त्यालाच परत बोलावून दाखवा.