हळवे सफरचंद

कोकणातील भातशेतीत वाणांची विभागणी हळवे, निमगरवे आणि गरवे अशी करण्याची जुनी पद्धत आहे. लवकर तयार होणारे ते हळवे आणि दीर्घ मुदतीचे ते गरवे. ज्या उथळ जमिनीतील ओल पाऊस ओसरताच सरते तेथे हळवे भातच घ्यावे लागते, कारण गरवे वाण पोसण्याइतकी मुदत ती जमीन देत नाही. सफरचंदाच्या वाणांनाही हीच विभागणी तंतोतंत लागू पडते. फरक इतकाच की कोकणात पिकाची मुदत पाणी ठरवते, तर बाल्टिक समुद्राचा किनारा, रशियाचा मध्य व उत्तर भाग, कॅनडा आणि अमेरिकेतील मिनेसोटा या प्रदेशांत ती थंडी ठरवते. वसंतातील शेवटचे हिमतुषार आणि शरदातील पहिले हिमतुषार यांच्यामध्ये तेथे जेमतेम चार महिने, काही ठिकाणी त्याहूनही कमी दिवस मिळतात, आणि तेवढ्यात फुलण्यापासून पिकण्यापर्यंतचा सारा प्रवास झाडाला उरकावा लागतो.

एक फळ, अनेक नावे

या हळव्या गटातील सर्वांत प्रसिद्ध वाण बाल्टिक प्रदेशातला असून त्याला देशोदेशी वेगवेगळी नावे आहेत. रशियात तो 'बेली नालिव' म्हणजे 'रसाने भरलेला पांढरा', पोलंडमध्ये कागदासारख्या फिकट सालीमुळे 'पापिएरुव्का', एस्टोनियात 'वालगे क्लार', जर्मनीत 'क्लारआपफेल' आणि अमेरिकेत 'यलो ट्रान्स्परंट' या नावाने ओळखला जातो. रशियातील 'पापिरोव्का' आणि 'बेली नालिव' हे दोन निराळे वाण मानावेत असे तेथील काही फलशास्त्रज्ञांचे मत होते, परंतु बागांत आणि बाजारांत ही नावे बहुधा एकाच अर्थाने चालतात. फळ मध्यम आकाराचे असते. कच्चेपणी हिरवट असलेली साल पिकताना फिकट पिवळी आणि अखेरीस जवळजवळ पांढरी होते, आणि अगदी पक्व फळातून प्रकाश आरपार जात असावा असा भास होतो. बहुतेक नावे या भासातूनच आली आहेत. गर पांढरा, रसाळ आणि ठसठशीत आंबट असतो. आपल्याकडे आषाढ सरून श्रावण लागतो त्या सुमारास, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टच्या आरंभी, तो तेथे तयार होतो. जर्मन भाषक प्रदेशांत राय या धान्याची कापणी त्याच दिवसांत येत असल्यामुळे त्याला 'धान्य-सफरचंद' अशा अर्थाचे नावही मिळाले.

पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेत १९ ऑगस्ट रोजी नव्या फळांना आशीर्वाद देण्याचा सण येतो. रशियात तो 'सफरचंदांचा सण' म्हणून रूढ असून, त्या दिवसापूर्वी नवे सफरचंद तोंडात घालायचे नाही असा जुना नेम आहे. त्या तारखेला उत्तरेकडे हमखास पिकलेली मिळणारी सफरचंदे ही अर्थातच हळवीच असतात. गरव्या वाणांचा मान मात्र निराळा आहे. 'आंतोनोव्का' हा शरदात तयार होणारा आणि हिवाळ्यात टिकणारा वाण इव्हान बुनिन यांच्या १९०० सालच्या कथेचे शीर्षकच होऊन बसला. साठवणीतून महिनोन्महिने दरवळणाऱ्या फळाला साहित्यात जी जागा मिळाली, ती आठवड्याभरात संपणाऱ्या फळाला मिळाली नाही.

थंडी सोसणे आणि लवकर पिकणे

थंडी सोसण्याची ताकद आणि लवकर पिकण्याचा गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंतोनोव्का उशिरा पिकूनही कडाक्याची थंडी सोसतो, तर उष्ण प्रदेशांसाठी तयार केलेले काही वाण लवकर पिकूनही उत्तरेच्या हिवाळ्यात जगणार नाहीत. बाल्टिकच्या या वाणात मात्र दोन्ही गुण एकत्र आले असून त्याचे झाड उणे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासचा हिवाळा काढू शकते.

झाड हे दोन टप्प्यांत साधते. दिवस लहान आणि थंड होऊ लागताच वाढ थांबते, शेंड्यांवर कळ्या मिटतात आणि झाड सुप्तावस्थेत, म्हणजे वाढ थोपवून धरण्याच्या स्थितीत जाते. त्यानंतर तापमान शून्याच्या आसपास उतरू लागले की त्याची थंडीची सवय अधिक पक्की होते. या काळात पेशींमध्ये शर्करा साठते आणि पेशींची आवरणे थंडीतही लवचिक राहतील अशी बदलतात. सालीच्या भागात बर्फ प्रथम पेशींच्या बाहेरच्या पोकळ्यांत धरतो आणि पेशीतील पाणी हळूहळू तिकडे ओढले जाते, त्यामुळे पेशी सुकते पण फुटत नाही. खोडातील काष्ठपेशींची युक्ती वेगळी असते: त्यांतील पाणी गोठणबिंदूच्या कितीतरी खाली जाऊनही द्रवरूपातच राहते, आणि या अवस्थेला अतिशीतन म्हणतात. परंतु उणे ४० अंशांच्या आसपास पाण्याला द्रव राहणे अशक्य होते. पेशींच्या आतच बर्फ तयार होतो आणि लाकूड काळे पडून मरते. सफरचंदाच्या लागवडीला उत्तरेकडे जी हद्द पडते ती बऱ्याच अंशी या मर्यादेमुळे पडते.

फळ लवकर उतरण्याचा फायदा येथे कळतो. फळ पोसणे हे झाडाचे सर्वांत खर्चिक काम असते, आणि ऑगस्टच्या आरंभीच ते संपले, तर पाने गळेपर्यंतचा उरलेला काळ साखर साठवण्यासाठी व कोवळे लाकूड पक्के करण्यासाठी मिळतो. ऑक्टोबरपर्यंत फळे अंगावर वागवणाऱ्या झाडाला ही उसंत नसते. अर्थात हिवाळ्यातील ही ताकद वसंतात उपयोगी पडत नाही. जे झाड जानेवारीत उणे ३५ अंश सोसते, त्याचीच पूर्ण उमललेली फुले उणे २ अंशांना इजा पावू लागतात आणि उणे ४ अंशांच्या आसपास बहुतेक सारी मरतात.

पिकण्याची घाई

फुलोरा पूर्ण झाल्यापासून फळ तयार होईपर्यंतचे दिवस मोजले, तर हळव्या वाणांना साधारण ७० ते ९० दिवस लागतात, आणि ग्रॅनी स्मिथसारख्या गरव्या वाणाला सुमारे १७० ते १८०. सफरचंद हे केळी किंवा आंब्याप्रमाणे तोडल्यानंतरही पिकत जाणारे फळ आहे. अशा फळांत पिकण्याची वेळ आली की इथिलीन हा वायू तयार होऊ लागतो, तो स्वतःचेच उत्पादन वाढवतो, आणि त्याच्या प्रभावाने पिष्टाची साखर होते, आम्लता उतरते व पेशींना एकमेकींशी जोडणारे पेक्टिन विरघळू लागते. गरव्या, टिकाऊ वाणांत इथिलीन मंद गतीने वाढते, तर हळव्या वाणांत ते उसळून येते. पेशींमधील बंध सुटले की दाताखाली पेशी फुटून रस येण्याऐवजी त्या नुसत्या विलग होतात, आणि गर रसाळ न लागता पिठूळ लागतो. यलो ट्रान्स्परंटच्या फळाचे हे स्थित्यंतर काही दिवसांतच पूर्ण होते. देठाची पकडही त्याच काळात सुटत असल्यामुळे झाडाखाली फळांचा सडा पडतो.

एका झाडावरची फळे एकदम तयार होत नाहीत, आणि या घाईमुळे तोडणी दोन-तीन फेऱ्यांत करावी लागते. फिकट साल इतकी नाजूक असते की बोटांचे दाबही तपकिरी डागांच्या रूपाने उमटतात. शिवाय झाड कोवळ्या वयात फळायला लागत असले, तरी हापूस आंब्याप्रमाणे एक वर्षाआड भरभरून फळण्याकडे त्याचा कल असतो. स्वयंपाकघरात मात्र हेच दोष गुण ठरतात: गर पटकन शिजून एकजीव होतो, आणि आम्लतेमुळे त्याच्या मुरंब्याला, रसाला व भाजलेल्या गोड पदार्थांना धार येते.

रीगाहून मिनेसोटाला

१८५२ साली रीगा येथील वाग्नर रोपवाटिकेने हा वाण फ्रान्समधील आँझे येथे आंद्रे लरुआ यांच्या रोपवाटिकेकडे पाठवला आणि तेथून पश्चिम युरोपाला त्याची ओळख झाली. अमेरिकेच्या कृषी खात्याने १८७० साली सेंट पीटर्सबर्गमधील वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड रेगेल यांच्यामार्फत रशियन सफरचंदांचा मोठा संग्रह मागवला, त्यात हाही होता. ही मागणी हौसेची नव्हती. पश्चिम युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी सोबत आणलेले वाण अमेरिकेच्या उत्तर मैदानांतील हिवाळ्यात मरत होते. मिनेसोटात पीटर गिडियन यांनी वर्षानुवर्षे रोपे गमावल्यावर १८६८ साली 'वेल्दी' हा तग धरणारा वाण पुढे आणला. आयोवातील जोसेफ बड आणि क्वेबेकमधील चार्ल्स गिब हे १८८२ साली स्वतः रशियात जाऊन वाण पाहून आले. पुढे ओटावा येथे विल्यम साँडर्स यांनी उणे ४० अंशांखालीही जगणाऱ्या सायबेरियन रानसफरचंदाचा मोठ्या फळांच्या वाणांशी संकर केला.

येथे एक बाब ध्यानात ठेवायला हवी. सफरचंदाच्या बीपासून आलेले झाड आईसारखे निघत नाही, म्हणून वाण टिकवायचा तर कलमच करावे लागते. रीगाहून आँझेला आणि पीटर्सबर्गहून अमेरिकेला जे गेले ते वस्तुतः एकाच मूळ झाडाचे डोळे होते. एस्टोनियातील परसात आणि मिनेसोटातील शेतावर उभे असलेले झाड जनुकीय अर्थाने एकच आहे.

बाजार आणि पुढची पिढी

जोवर मागील वर्षीची सफरचंदे वसंतापर्यंत संपून जात, तोवर ऑगस्टमधल्या पहिल्या ताज्या फळाला तोड नव्हती. विसाव्या शतकात प्राणवायूचे प्रमाण घटवलेली शीतगृहे आली, गरवी सफरचंदे आठ-दहा महिने टिकू लागली आणि बाजारातील ती मोकळी जागा बुजली. भारतातही हिमाचल प्रदेशातील टायडमनसारखी हळवी सफरचंदे जुलैमध्ये मंडईत आली, तरी हंगामाचा भर नंतरच्या डेलिशस वर्गावरच असतो.

महाराष्ट्रातील प्रयोगशील बागायतदारांसाठी येथे एक भेद महत्त्वाचा आहे. कळ्या फुटण्यापूर्वी झाडाला ठरावीक तास थंडी मिळावी लागते. ही गरज अत्यल्प असलेले 'ॲना', 'डॉर्सेट गोल्डन' किंवा हिमाचलमधील 'एचआरएमएन-९९' हे वाण उबदार प्रदेशांसाठी आहेत, आणि लवकर पिकतात म्हणून त्यांना थंड प्रदेशांतील हळव्या वाणांच्या पंक्तीला बसवता येत नाही. यलो ट्रान्स्परंटला लागणारी दीर्घ थंडी दख्खनच्या पठारावर मिळणे शक्य नाही.

लवकर पिकणे आणि लवकर मऊ पडणे यांची गाठ सोडवता येईल का, हा पैदासकारांपुढचा प्रश्न राहिला. मिनेसोटा विद्यापीठाने यलो ट्रान्स्परंटपासून 'ओरिओल' तयार केले, त्याच्या संकरातून १९७७ साली 'स्टेट फेअर' आले आणि स्टेट फेअरपासून १९९९ साली 'झेस्टार'. ऑगस्टच्या अखेरीस पिकणारे हे कुरकुरीत फळ शीतपेटीत सहा ते आठ आठवडे टिकते. बाल्टिकच्या पणजोबाची थंडी सोसण्याची परंपरा त्याने राखली आहे, आणि आठवड्याभराच्या आयुष्याचे दोन महिने केले आहेत. मात्र त्यासाठी त्याला पिकण्याची घाई तीन-चार आठवड्यांनी कमी करावी लागली. थोडे निमगरवे झाल्याशिवाय हळव्याला टिकाऊपण मिळाले नाही. म्हणून श्रावणाच्या तोंडाशी पहिले सफरचंद ज्याला हवे असेल, त्याला आजही जुन्या झाडाखालीच जावे लागते, आणि ते लगेच खावे, शिजवावे किंवा शेजारी वाटून टाकावे लागते.