गुरुजींची बदली आणि मुलांची भक्ती

आवडत्या गुरुजींच्या बदलीचा हुकूम आला की खेड्यातील शाळेत मुलांचे डोळे भरून येतात. पुढे कित्येक दिवस नव्या गुरुजींना 'आमचे पहिले गुरुजी असे करीत नसत' हे वाक्य ऐकावे लागते. ही विभूतिपूजा बालमनाला स्वाभाविक आहे. मूल सद्गुण प्रथम माणसात पाहते. तो वेगळा ओळखण्याची शक्ती त्याला मागाहून येते. म्हणून या भक्तीची थट्टा करू नये. मात्र ती व्यक्तीपाशीच थांबली, तर शिक्षण अर्धेच झाले असे समजावे.

या बाबतीत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण मननीय आहे. त्यांचे घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली तिचे कार्य साताऱ्यास आणले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि स्वयंपाकापासून शेतकामापर्यंतचे कष्ट स्वतः करीत. मुलांची 'अण्णां'वर अपार भक्ती होती. परंतु अण्णांनी त्या भक्तीला रोजचे काम नेमून दिले. त्यामुळे शिकून मोठे झालेले अनेक विद्यार्थी संस्थेतच शिक्षक म्हणून परतले. बॅ. पी. जी. पाटील हे अशा विद्यार्थ्यांपैकीच एक. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आलेले हे गृहस्थ पुढे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर निवर्तले. कार्य मात्र थांबले नाही, वाढतच गेले.

यावरून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. बदली झालेल्या शिक्षकाने निघण्यापूर्वी शाळेची बाग, वाचनाची पुस्तके व स्वच्छता यांची जबाबदारी मुलांच्या गटांवर सोपवावी. आपल्यावाचून मुलांचे अडते, यात सुख मानण्याचा मोह आपणा सर्वांनाच होतो, तो आवरावा. नव्या शिक्षकाने पूर्वीच्या गुरुजींशी चढाओढ करू नये. 'ते कसे करीत, मला दाखवा,' असे मुलांनाच विचारावे आणि चांगले ते चालू ठेवावे. मुले दाखवू लागली की त्यांचे रडणे आपोआप थांबते.

२२ सप्टेंबरला कर्मवीरांच्या तसबिरीस हार घालताना एवढे पाहावे, की त्या दिवशी मुलांच्या हातांनाही काही काम मिळाले आहे.