खडूत विखुरलेले तारे

तारामासा म्हटला की पाच हातांचा समुद्रजीव डोळ्यांपुढे येतो. पण सुमारे १४.५ कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या क्रेटेशियस काळातला तारामासा अखंड सापडणे म्हणजे नशीबच!

याचे कारण त्याच्या सांगाड्यात आहे. कॅल्साइटचे शेकडो लहान तुकडे कातडी आणि स्नायूंनी बांधलेले असतात. प्राणी मेला की हे बंध लवकरच कुजतात आणि माळ तुटून मणी विखुरावेत तसे तुकडे समुद्रतळावर पसरतात. संशोधकांच्या हाती बहुधा हे सुटे मणीच लागतात.

इंग्लंडमधील पांढऱ्या खडूच्या थरांत ते भरपूर मिळतात. खडू फोडून, धुऊन, चाळून घ्यायचा आणि उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचा, अगदी तांदूळ निवडावेत तसा! मग प्रत्येक तुकड्याची जागा ओळखायची. हा हाताच्या कडेचा, हा तोंडाजवळचा, हा नळीसारख्या पायांच्या खोबणीतला. वरचे बारीक खळगे काटे कुठे बसत ते सांगतात. आजच्या तारामाशांच्या तुकड्यांशी तुलना करून नाते जुळवले जाते.

इथेच घोटाळा होऊ शकतो. एकाच प्राण्याच्या अंगावर निरनिराळ्या आकारांचे तुकडे असतात. शिवाय पिल्लाचे वेगळे, मोठ्याचे वेगळे. घाई केली तर एकाच जातीला दोन नावे मिळतात. म्हणून फरक अनेक तुकड्यांत सातत्याने दिसावा लागतो. ज्या नमुन्यावरून नाव दिले, तो संग्रहालयात जपतात, म्हणजे पुढच्यांना तो पुन्हा तपासता येतो.

हे काम एका आयुष्यात संपत नाही. चॅलेंजर जहाजाने आणलेल्या तारामाशांवर १८८९ मध्ये अहवाल लिहिणाऱ्या पर्सी स्लेडन यांनी ब्रिटनच्या क्रेटेशियस तारामाशांवरील ग्रंथ हाती घेतला. त्याचा पहिला भाग १८९१ मध्ये निघाला. पण १९०० मध्ये ते वारले. तो ग्रंथ डब्ल्यू. के. स्पेन्सर यांनी १९०८ पर्यंत पुरा केला.

एवढा खटाटोप कशासाठी? ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले, तेव्हा समुद्रातले कोण वाचले, कोण गेले, हे कळायला आधी कोण कोण होते याची यादी बिनचूक हवी. त्या यादीतले एक चुकीचे नाव म्हणजे कधी जगलाच नाही अशा जीवाच्या मृत्यूची नोंद!