वाट किती बिकट असावी?

सायकल हा विषय आता आपल्या वैद्यकीय वर्तुळाला परका राहिलेला नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही अख्खे खंड ओलांडणारी शर्यत जोडीने पूर्ण केली. पहाटे हेल्मेट चढवून निघणारे सर्जन आणि भूलतज्ज्ञ आज आपल्याकडे कोणाला नवलाचे वाटत नाहीत. परंतु ही सारी हौस डांबरी रस्त्यावरची. डांबर सोडून माती, मुळे, धोंडे आणि घळी यांतून सायकल हाकण्याचा जो प्रकार आहे, त्या माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री शर्यतीविषयी मराठीत क्वचितच लिहिले जाते. या खेळात गेली तीस वर्षे एक वाद धुमसतो आहे : शर्यतीचा मार्ग तांत्रिकदृष्ट्या किती अवघड असावा? वाद खेळाडूंचा आणि संयोजकांचा असला, तरी त्यात आपल्या व्यवसायालाही बोलण्याचा अधिकार आहे. कारण मार्ग आखणाऱ्याच्या चुकीचे पर्यवसान शेवटी आपल्याच टेबलावर होते.

'तांत्रिक' हा शब्द येथे विशिष्ट अर्थाने येतो. सरळ, गुळगुळीत चढावर पुढे जाण्यास लागतात त्या मांड्या आणि फुफ्फुसे. त्याच चढावर ओलसर मुळे आडवी पसरली, किंवा उतारावर दगडांचा पट्टा आला, की तोल, ब्रेकवरील बोटांचा संयम, नजर कोठे ठेवायची याचे शहाणपण आणि शरीराचा भार नेमक्या क्षणी मागे नेण्याची सवय या गोष्टी पणाला लागतात. याला तांत्रिक कसोटी म्हणायचे. दगडांच्या अशा पट्ट्याला तिकडे रॉक गार्डन म्हणतात, आणि पायरीसारख्या तुटलेल्या उताराला ड्रॉप.

प्रारंभी हा खेळ प्रामुख्याने दमसासाचाच होता. पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ड्युरँगो येथे झाली. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रवेश झाला, तेव्हा नेदरलँड्सच्या बार्ट ब्रेंट्येन्सला सुवर्णपदकासाठी सव्वादोन तासांहून अधिक वेळ सायकल चालवावी लागली. फेरी लांब, चढ दीर्घ, प्रेक्षक तुरळक. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याला असा जंगलात हरवणारा खेळ परवडत नाही. म्हणून पुढे फेरी साधारण चार-पाच किलोमीटरची झाली, शर्यत दीड तासाच्या आसपास आली आणि जागोजागी थरारक अडथळे आले. २०१२ सालच्या लंडन ऑलिंपिकचा मार्ग एसेक्स परगण्यातील हॅडली फार्म या कुरणाच्या टेकडीवर होता. तेथील धोंडे बहुतांशी बाहेरून आणून रचलेले होते. चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह कुल्हावीने ती शर्यत १ तास २९ मिनिटांत जिंकली. डोंगर जे देईल ते स्वीकारायचे, या मूळ कल्पनेकडून अवघडपणाची रचना करण्याकडे हा खेळ आला होता. आणि रचना म्हटली, की रचणाऱ्याची जबाबदारी आलीच.

दोन्ही पक्षांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. एक पक्ष म्हणतो, कसब नको असेल तर डांबरी रस्त्यावर शर्यत घ्या. सायकली आता पुढे-मागे सस्पेन्शनच्या, मोठ्या चाकांच्या आणि उतारावर सीट खाली करता येणाऱ्या झाल्या आहेत, तेव्हा मार्गही त्या प्रमाणात कठीण झाला पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, हे डाउनहिल नव्हे. येथे छातीला पूर्ण कवच नसते, हेल्मेट हलके असते आणि स्पर्धक दमलेला असतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण 'किती अवघड' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. त्याऐवजी 'चुकले तर काय होते' असे विचारले, की बराचसा गुंता सुटतो.

टोकियो ऑलिंपिकचे उदाहरण घेऊ. ते २०२१ साली झाले, आणि इझू येथील मार्ग ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत अवघड मार्गांपैकी एक मानला जातो. 'वसाबी', 'चॉपस्टिक्स' अशी तेथील अडथळ्यांची नावे होती. 'साकुरा ड्रॉप' नावाच्या मोठ्या धोंड्यावरून खाली झेप घ्यावी लागे. सरावाच्या वेळी त्या धोंड्यापुढे उतरण्यासाठी लाकडी फळी लावलेली होती. शर्यतीच्या दिवशी ती नव्हती. नेदरलँड्सचा मातियू फान डेर पूल पहिल्याच फेरीत, फळी असेल या समजुतीने, पुढचे चाक खाली सोडून निघाला आणि हँडलवरून उलटून पाठीवर आदळला. फळी काढली जाणार हे इतरांना माहीत होते, आपल्याला नव्हते, असे त्याने नंतर सांगितले. काही फेऱ्या रेटून त्याने शर्यत सोडली, आणि पाठीच्या दुखण्यापायी पुढील हिवाळ्याचा सायक्लोक्रॉस हंगामही त्याला अर्धवट टाकावा लागला.

या अपघाताचा दोष धोंड्याच्या उंचीला देता येत नाही. तोच धोंडा इतर स्पर्धक फेरीमागून फेरी सहज ओलांडत होते. ज्याला हा खेळ उत्तम येतो असा माणूस पडला, तो माहितीच्या अभावाने. डोळ्यांसमोर दिसणारा धोका आणि दडलेला धोका यांत महदंतर आहे. पहिल्याचा सामना कसबाने करता येतो, दुसऱ्याचा कशानेच नाही. सरावानंतर मार्गात बदल झाला, तर तो प्रत्येक स्पर्धकाच्या कानावर आणि शक्यतो डोळ्यांवर गेला आहे याची खात्री करून घेणे संयोजकांकडे असले पाहिजे. शस्त्रक्रियेपूर्वी कोणती बाजू हे मोठ्याने उच्चारून सर्वांकडून वदवून घेण्याची जी शिस्त आपण पाळतो, त्याच जातीची ही शिस्त आहे.

आता याच्या उलट टोकाचे उदाहरण पाहा. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकसाठी एलाँकूर येथील २३१ मीटर उंचीच्या टेकडीवर मार्ग तयार केला गेला. ही टेकडी जुन्या खाणीवर भराव पडून वाढलेली. त्यामुळे मार्ग बराचसा खडी अंथरलेला, रुंद आणि वेगवान होता. फारसा तांत्रिक नाही अशी टीका शर्यतीआधीच झाली. परंतु सोपा म्हणजे सुरक्षित, हे समीकरण तेथे चुकले. महिलांच्या शर्यतीत फ्रान्सची लोआना लकोंत दगडांच्या एका छोट्या पट्ट्यावर कोसळली, मेंदूला हादरा बसला आणि तिची शर्यत तेथेच संपली. पंक्चरनेही अनेकांचा घात केला. पुरुषांत टॉम पिडकॉकला पंक्चरमुळे चाक बदलावे लागले. तरी त्याने मागून येऊन शेवटच्या फेरीत व्हिक्टर कोरेत्स्कीला झाडाच्या दुसऱ्या बाजूने गाठून सुवर्ण मिळवले, आणि घरच्या प्रेक्षकांच्या शिट्ट्या ऐकल्या.

वेगाचे गणित आपण शाळेतच शिकलो : वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. रुंद, सपाट, खडीच्या वाटेवर स्पर्धक मोकळेपणाने वेग घेतो आणि त्याच वेगात मध्येच रचलेल्या दगडांवर येतो. अरुंद, वळणावळणाच्या, मुळांनी भरलेल्या वाटेवर तो आपसूकच सावकाश जातो. तेव्हा दिसायला भयानक असलेली वाट हाडांच्या दृष्टीने कधी कधी सौम्य निघते.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. क्रोनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील मॅमथ माउंटन येथील १९९४ सालच्या शर्यतींतील इजांचा अभ्यास केला. क्रॉस-कंट्रीत दर १०० तासांमागे ०.३७ इजा आढळल्या, तर डाउनहिलमध्ये ४.३४, म्हणजे दहापटीहून अधिक. त्यानंतरच्या अभ्यासातून हेही दिसले, की बाजूला पडणाऱ्यापेक्षा हँडलवरून पुढे फेकल्या जाणाऱ्याला होणाऱ्या इजा अधिक गंभीर असतात, आणि त्यात डोके व चेहरा अधिक सापडतात. आकडे जुने आहेत आणि सायकली बदलल्या आहेत, पण शरीरशास्त्र तेच आहे. मार्ग आखणाऱ्याने यातून घ्यायचे ते एवढेच, की पुढचे चाक अडकवून माणसाला उलटवणारी जागा ही सर्वांत वाईट जागा.

दुसरी गोष्ट नाडीची. क्रॉस-कंट्री शर्यतीत हृदयाचे सरासरी ठोके कमाल मर्यादेच्या सुमारे ९० टक्क्यांवर असतात, हे २००२ सालच्या सुमारास इंपेलिझेरी आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवले. या अवस्थेत दीड तास राहून अचूक निर्णय घ्यायचे, हेच तर या खेळाचे वैशिष्ट्य. ते काढून टाका असे मी म्हणणार नाही. पण खड्या चढाच्या माथ्यावरच, श्वास जुळण्याआधी, उंच ड्रॉप ठेवणे आणि तोच ड्रॉप दोनशे मीटर सपाटीनंतर ठेवणे यांत कसबाच्या कसोटीचा फरक थोडा आणि धोक्याचा फरक फार आहे. आपली वाट किती कठीण हे संयोजक अडथळ्याच्या उंचीने मोजतात. तेथे पोचणाऱ्याची नाडी कितीवर असेल, हे मोजणारा मला अजून दिसलेला नाही.

मग कसब तपासायचे कोठे? माझे उत्तर आहे, चढावर. तांत्रिक चढ हा या वादात दुर्लक्षित राहिलेला तोडगा आहे. मुळांच्या पायऱ्या, ओबडधोबड खडक, तीव्र वळण. अशा चढावर मागच्या चाकाची पकड टिकवत, पुढचे चाक उचलून ठेवत, तोल न ढळू देता जाणे हे उतारावरच्या उडीइतकेच दुर्घट कौशल्य आहे. तेथे चुकलेल्याला फार तर पाय टेकावा लागतो, सायकल खांद्यावर घेऊन धावावे लागते आणि दहा-पंधरा सेकंद गमवावे लागतात. शर्यत हरण्यास तेवढे पुरेसे आहे. कॅमेऱ्याला उडी अधिक आवडते हे खरे. त्याला इलाज नाही.

उतारावरील अवघड जागांसाठी पर्यायी वाट हा उपाय रूढ आहे. हॅडली फार्मवर अवघड वाटेशेजारी लांबची, सोपी वाट ठेवलेली होती. ती घेणाऱ्याचे काही सेकंद जातात, हाडे शाबूत राहतात. मात्र या दोन वाटांतील फरक नेमका असावा लागतो. पर्याय फार लांबचा केला तर तो नावापुरता उरतो, फार जवळचा केला तर कसबाला किंमत राहत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम असा, की मार्ग हवामान बिघडले तरी संपूर्णपणे सायकलवर बसून पार करता आला पाहिजे, आणि खराब होण्याचा संभव असलेल्या भागांना समांतर वाट हवी. नियम उत्तम, पण 'पार करता आला पाहिजे' ते कोणाला? आघाडीवरच्या दहा जणांना की शेवटच्या स्पर्धकाला? पुढच्याच्या पहिल्या फेरीच्या वेळेपेक्षा ८० टक्क्यांहून अधिक मागे पडणाऱ्याला शर्यतीबाहेर काढतात. तोपर्यंत तोही त्याच धोंड्यांवरून जात असतो.

या साऱ्यात एक भान सुटता कामा नये. टोकियोपूर्वी दोन महिन्यांवर पिडकॉकचे क्लॅव्हिकल मोडले, ते रस्त्यावर सराव करताना मोटारीच्या धडकेने. लंडन ऑलिंपिकमध्ये पाचवा आलेला दक्षिण आफ्रिकेचा बरी स्टँडर ३ जानेवारी २०१३ रोजी गेला, तोही रस्त्यावर, वाहनाखाली. उलट स्वित्झर्लंडच्या योलांडा नेफची प्लीहा डिसेंबर २०१९ मध्ये फाटली, बरगडी मोडली आणि फुफ्फुस अंशतः मिटले, ते जंगलवाटेवरील सरावात. शर्यतीचा मार्ग तेथे नव्हता, संयोजक नव्हते, रुग्णवाहिका नव्हती. जून २०२१ मध्ये तिचा हात मोडला आणि पुढच्याच महिन्यात तिने टोकियोचे सुवर्ण मिळवले. मार्ग अवघड असल्याने खेळ घातक ठरतो, असे म्हणणाऱ्यांनी या नोंदी वाचाव्यात.

हा विषय आता आपल्या उंबरठ्याशी आला आहे. २०२३ साली आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळमधील पोनमुडी येथे, म्हणजे आपल्याच पश्चिम घाटात झाली. बेळगावहून जांबोटी-चोर्ल्याकडे निघाले की जी भूमी लागते, ती अशा शर्यतीला जन्मतः योग्य. पण येथला जांभा दगड पहिल्या पावसानंतर शेवाळतो, आणि मेमध्ये चाक घट्ट धरणारा तोच कातळ जुलैत साबणासारखा होतो. परदेशी आराखडा पाहून कोणी येथे ड्रॉप रचले, तर ते कोरड्या दिवसासाठीच रचलेले असतील.

अशा शर्यतीसाठी वैद्यकीय अधिकारी म्हणून बोलावणे आले, तर केवळ रुग्णवाहिकेत बसून राहण्यास होकार देऊ नये. आदल्या दिवशी संपूर्ण फेरी पायी चालावी. प्रत्येक अवघड जागी, वरून पाहण्याऐवजी, पडणारा जेथे आदळेल तेथे उभे राहून पाहावे : पुढे झाडाचा बुंधा आहे का, आणि असल्यास त्यास गादी बांधली आहे का, खाली माती आहे की टोकदार खडी, मानेला आधार देऊन, पाठ सरळ ठेवून चार जणांना स्ट्रेचर तेथून उचलता येईल का, गाडीपर्यंत पोचायला किती मिनिटे लागतील. स्ट्रेचर ज्या जागेवरून नेता येत नाही, ती जागा मार्गातून वगळावी किंवा तिला पर्यायी वाट द्यावी, असे लेखी कळवावे, आणि शर्यतीच्या सकाळी पाऊस झाला असेल तर ती फेरी पुन्हा एकदा चालावी.