सातेरीची पैदास: एका राणीने भागत नाही

हापूसचे एखादे झाड दरवर्षी भरघोस धरणारे निघाले, की त्याच्या काड्या उतरवून हजार कलमे बांधता येतात आणि प्रत्येक कलमात मूळ झाडाचाच गुण उतरतो. रत्नागिरीच्या बागायतदाराला निवड म्हणजे हेच ठाऊक. त्यामुळे सातेरी मधमाशीच्या पेट्या ठेवू लागला की तो 'चांगल्या राणी'च्या शोधात पडतो. राणीचा हिशेब मात्र वेगळा आहे. कोषातून बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत ती उडते, हवेतच डझनाहून अधिक नरांशी तिचा संयोग होतो आणि ते वीर्य तिला जन्मभर पुरते. हे नर असतात चिऱ्याच्या जुन्या गडग्यातले, झाडाच्या ढोलीतले किंवा पलीकडच्या वाडीतल्या दुर्लक्षित पेटीतले. म्हणजे नवी राणी उत्तम वसाहतीतली घेतली, तरी तिच्या कामकरी माश्यांचे निम्मे गुण अनोळखी बापांकडून येणार. सातेरी सुधारायची तर अख्ख्या परिसरातल्या वसाहती सुधाराव्या लागतील.

आज निवड होतच नाही असे नाही. ती उलट्या दिशेने होते. हंगामात पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरे लोंबू लागली की पेटी विभागायची, ही सोयीची रीत. पण वरचेवर राणीघरे बांधते ती फुटण्याकडेच कल असलेली वसाहत, आणि वाढवली जाते तीच. शांतपणे मध साठवणारी शेजारची पेटी मात्र निपुत्रिक राहते. पावसाळ्यात जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, फुलोरा आटतो, साखरपाक वेळेवर मिळाला नाही तर माश्या पेटी सोडून जातात. मग रानातले नवे मोहोळ पकडून रिकाम्या पेटीत घातले जाते. जी वसाहत टिकली तिच्या टिकण्याची नोंद कुणी ठेवत नाही. खरी निवड या नोंदीपासून सुरू होते: पाऊस कुणी काढला, मेणकिडा कुणाला लागला, तपासताना कोण चवताळले. स्वच्छतेची परीक्षा तर सुईने होते. बंद घरांतले ठरावीक कोष टोचून मारायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांतले किती साफ झाले ते मोजायचे. मेलेले पिलू लवकर ओळखून बाहेर फेकणारी वसाहत रोगालाही सहसा चांगले तोंड देते.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा मेलिफेरा आणावी, असा आक्षेप येतो. 1962 मध्ये हिमाचलातल्या नगरोटा बगवानला रुजलेली ही युरोपीय माशी सातेरीच्या कित्येक पट मध देते, हे मान्यच. पण तिला मोहरी-सूर्यफुलासारखी सलग शेते आणि फुलोऱ्यामागे पेट्यांची वाहतूक लागते. वरोआ माइटवर उपचारही करावे लागतात. त्या माइटची मूळ यजमान सातेरीच, म्हणून ती त्याच्यासोबत जगायला शिकली आहे. भातानंतर तुकड्या-तुकड्यांत होणाऱ्या कलिंगडाला लागते ती सकाळी फुलावर पुन्हा पुन्हा येणारी माशी. परागण अपुरे झाले की फळ वेडेवाकडे धरते. मोठ्या मधापेक्षा जागेवर टिकणारी वसाहत इथे मोलाची.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: निवडीने वाण कमकुवत होईल. मोजक्या राण्यांपासून पैदास केली तर तो खराच ठरतो. लिंग ठरवणारे जनुक दोन्हीकडून सारखेच आले की फलित अंड्यातूनही नर होतो; कामकरी माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात आणि पिलाव्यात रिकामी घरे विखुरलेली दिसतात. कृत्रिम रेतन हा उपाय प्रयोगशाळेला ठीक, पण सातेरीच्या नराकडून वीर्य अगदी थोडे मिळते. त्यापेक्षा अनेक वसाहतींतून राण्या वाढवाव्यात आणि चांगल्या पेट्यांत नरही मुबलक होऊ द्यावेत. नरांची बंद घरे ओळखणे सोपे: टोपणाच्या मधोमध बारीक भोक असते. ती घरे निरुपयोगी म्हणून खरवडणारा आपल्याच निवडीचा अर्धा भाग फेकून देतो. केरळात 1991-92 च्या सुमारास थाई सॅकब्रूड विषाणूने सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या, तेव्हा वाचलेल्या वसाहती विभागूनच धंदा पुन्हा उभा राहिला.

महाबळेश्वरचे मध संचालनालय 1946 पासून आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे. प्रशिक्षणाला आधार आहे. उणीव आहे ती एका खोऱ्यातल्या पेटीवाल्यांनी मिळून ठेवलेल्या सामाईक नोंदवहीची, कारण नर कुणा एकाचे नसतात. आणि याच खोऱ्यात मोहोर ऐन फुलोऱ्यात असताना दिवसाढवळ्या कीटकनाशक फवारले गेले, तर टिकाऊ म्हणून निवडलेली वसाहतही पहिल्याच आठवड्यात ओस पडेल.