मोडीत निघालेल्या होड्या

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. त्या दिवसांत मालवण, देवगड, हर्णै, सातपाटी कुठंही गेलं तरी वाळूत आणि खाडीच्या काठाला झावळ्यांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारलेल्या होड्यांच्या रांगा दिसतात. नारळी पौर्णिमा आली की बहुतेक होड्यांवरचं आच्छादन निघतं, रंगाचे डबे उघडतात, नाळेला हळदकुंकू लागतं. काही होड्या मात्र तशाच राहतात. त्यांचं इंजिन कधीच उतरवलेलं असतं, कडेवरच्या नोंदणी क्रमांकातले निम्मे आकडे पुसलेले असतात. चालत्या होड्यांना पुढची जागा लागते म्हणून या थकलेल्या होड्या दरवर्षी आणखी थोड्या मागे ओढल्या जातात. हा लेख त्या मागच्या रांगेबद्दल आहे.

ही रांग पूर्वीही होती, पण ती हळूहळू संपायची. आता ती वाढत जाते. कारण मधल्या काळात होडी ज्या वस्तूची बनते ती वस्तूच बदलली.

आधी लाकडाचं बघू. खाडीतली लहान होडी बरेचदा आंब्याच्या एका खोडातून कोरलेली असायची. दर्यात जाणाऱ्या मोठ्या होडीला साग, ऐन असं टिकाऊ लाकूड लागायचं. खाली पठाण म्हणजे होडीचा कणा, त्यावर आतून वाक म्हणजे फासळ्या, बाहेरून फळ्या, पुढं उंच गेलेली नाळ. सिंधुदुर्गात आणि गोव्यात फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या सुंभाने एकमेकींना शिवायची रीतही होती. अशी होडी लाटेवर थोडी लवायची, त्यामुळं वाळूवर आपटली तरी फुटायची नाही. बाजूला हलक्या लाकडाची उलांडी असायची, ती होडीला कलंडू द्यायची नाही. फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा, वर राळ आणि तेल. मोरी माशाच्या काळजाचं तेल सगळ्या अंगाला चोळायचं आणि पाण्याखालच्या भागाला चुना आणि तेलाचा लेप द्यायचा.

एवढं सगळं करायचं ते मुख्यतः एका जीवासाठी. शिंपल्यांच्याच कुळातला, पण दिसायला लांब अळीसारखा असा एक प्राणी समुद्रात राहतो आणि लाकूड पोखरतो. शास्त्रीय नाव टेरेडो. बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसतं, आत मात्र बोटभर रुंदीचे बोगदे पडलेले असतात. तेल, चुना आणि मधूनमधून होडी वर काढून उन्हात कडकडीत वाळवणं, हाच त्यावरचा उपाय. दोन वर्षं हयगय झाली की फळीवर बोट दाबलं तर आत जायचं.

तरीही शेवटी होडी थकायची. मग ती मोडायला कुणा संस्थेची किंवा यंत्राची गरज पडत नसे. इंजिन, दांडा आणि पितळी पंखा आधी निघायचा आणि पुढच्या होडीत बसायचा. खिळे आणि लोखंडी पट्ट्या भंगारवाल्याकडे. चांगले उरलेले वाक दुसऱ्या होडीच्या दुरुस्तीला. जाड फळ्या जाळ्यांच्या खोपीला, गोठ्याच्या दाराला, परसातल्या साकवाला. उरलेलं लाकूड तेल प्यालेलं असल्यामुळं चुलीत भराभर पेटायचं. कुणी काहीच केलं नाही तर ऊन, पाऊस, वाळवी आणि खाडीचं पाणी ते काम करायचं. पाच-सात पावसाळ्यांत वाळूतून वर आलेल्या पठाणाशिवाय काही उरत नसे. लाकडी होडी मरायची कशी, हे ती बांधतानाच ठरलेलं असायचं. माझ्या मते या कारागिरीतली ही सर्वांत मोठी शहाणपणाची गोष्ट होती, आणि तिच्याकडे कुणी शहाणपण म्हणून पाहिलं नाही, कारण ती आपोआप घडत होती.

जगात इतरत्रही होडीचं असंच व्हायचं. इंग्लंडच्या ईशान्य टोकाला लिंडिसफार्न नावाचं बेट आहे. तिथं हेरिंग मासा पकडणाऱ्या जुन्या होड्या उलट्या पालथ्या घालून, कडेला दार काढून, त्यांचीच कोठारं केलेली आहेत. किल्ल्याजवळच्या अशा दोन कोठारांना २००५ मध्ये आग लागून ती गेली, तेव्हा दुसरी जुनी होडी आणून तिथं पालथी घातली गेली. होडी संपली तरी तिचा आकार कामाला येत राहतो, असं हे गाव आहे.

मग फायबर आलं.

फायबर म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचं कापड आणि पॉलिस्टर राळ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत या मिश्रणाच्या पहिल्या होड्या बनल्या आणि साठ-सत्तरच्या दशकांत त्यांनी जगातल्या अनेक बंदरांतलं लाकूड मागे सारलं. कृती सोपी आहे. साच्याला आतून मेण लावायचं, त्यावर रंगीत गुळगुळीत थर, मग काचेच्या तंतूंची चटई, तिच्यावर ब्रशने राळ, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, परत चटई, परत राळ. राळेत गोठवणारं रसायन घातलेलं असतं, त्यामुळं ती तापते आणि घट्ट होते. दुसऱ्या दिवशी साच्यातून सबंध होडी निघते, एकही सांधा नसलेली.

कोळ्यांनी ती का स्वीकारली हे समजून घ्यायला हवं, नाहीतर आपण उगाच लाकडाच्या आठवणींत रमून त्यांना बोल लावू. साग महाग झाला आणि मिळेनासा झाला. होडी बांधणारे सुतार कमी झाले, त्यांची मुलं इतर कामांना गेली. फायबरची होडी हलकी, चार माणसं वाळूवर ओढू शकतात. हलकी म्हणून डिझेल कमी. दरवर्षी तेल नको, कापूस नको, टेरेडोची भीती नाही. ज्याच्या घरात एकाच होडीवर सगळं चालतं त्याने ही होडी घेतली नसती तरच नवल. शिवाय जुन्या लाकडी होडीला वरून फायबरचा थर देण्याचीही पद्धत पडली. त्याने होडीचं आयुष्य वाढतं, पण मरताना ती दुप्पट अडचणीची होते. लाकडावर चिकटलेला काचेचा थर ना सोलता येतो, ना ते लाकूड चुलीत घालता येतं.

गोठलेली राळ परत वितळत नाही, सगळी मेख इथं आहे. प्लॅस्टिकची बादली किंवा बाटली तापवली की मऊ होते, तिचे दाणे करून नवी वस्तू बनते. पॉलिस्टर राळ एकदा घट्ट झाली की तिचे रेणू एकमेकांत कायमचे जोडले जातात. तापवली तर ती जळते, वितळत नाही. आणि वजनात साधारण एक तृतीयांश काच असते, ती जळतही नाही. उघड्यावर फायबर जाळलं की काळा, घशाला चावणारा धूर निघतो आणि विझल्यावर राखेत पांढऱ्या काचेची चटई जशीच्या तशी पडलेली दिसते, फक्त हात लावला की कुस्करते. भंगारवाला अशा होडीतलं इंजिन नेतो, लोखंडाचे कडी-कोयंडे नेतो, आणि सांगाडा तिथंच सोडतो. त्याचीही चूक नाही. त्या सांगाड्याला कुणी किलोमागे एक रुपयाही देत नाही.

मग सांगाड्यात पावसाचं पाणी साठतं, डास होतात. कुणी त्यात फाटकी जाळी टाकतं. कुणी भरतीला खाडीत सोडून देतं. कुणी ग्राइंडरने तुकडे करून पुरतं. फायबर कापताना उडणारी पांढरी पूड दमट हवेत घामाला चिकटते, दोन दिवस अंगाला खाज सुटत राहते. हे काम करणाऱ्याच्या तोंडाला बहुतेक वेळा फक्त रुमाल बांधलेला असतो.

ती पूड पुढं कुठं जाते? इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चिचेस्टर बंदरात ब्रायटन आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी कालवं आणि शिनाणे तपासले. तिथं हौशी नौकांची मोठी गर्दी असते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत एक किलो कालवांमागे ११,२२० पर्यंत आणि एक किलो शिनाण्यांमागे २,७४० पर्यंत काचेचे कण सापडले. प्रमाण हिवाळ्यात वाढलेलं होतं, कारण तिथं होड्या घासायची, रंगवायची वेळ हिवाळ्यात येते. आपल्याकडे ती वेळ पावसाळा संपता संपता येते, आणि कातळावरची कालवं काढणाऱ्या बायका तिथल्याच खाडीत उतरतात. आपल्या कालवांची अशी तपासणी होईल तेव्हा काय दिसेल, याची काळजी मला वाटते.

मोडायच्या बाबतीत मोठ्या जहाजांसाठी कायदे आहेत. हाँगकाँग आंतरराष्ट्रीय करार २०२५ च्या जूनमध्ये लागू झाला. जहाज मोडताना कामगाराला आणि किनाऱ्याला इजा होऊ नये यासाठी तो आहे. पण तो ५०० टनेजच्या खालच्या जहाजांना लागूच होत नाही. गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर जहाज विकत घेऊन मोडणारा पैसे कमावतो, कारण जहाज म्हणजे पोलाद. लहान होडीत पोलाद नसतं, म्हणून तिला गिऱ्हाईक नाही, आणि आकार लहान, म्हणून कायदाही नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१९ मध्ये फायबरच्या होड्यांच्या विल्हेवाटीवर स्वतंत्र अहवाल काढला, तोही मुख्यतः त्या समुद्रात बुडवण्याऐवजी दुसरे पर्याय कोणते हे सांगण्यासाठी.

लहान होड्या मोडण्याच्या बाबतीत सर्वांत पुढं गेलेला देश फ्रान्स. युरोपीय संघात ६० लाखांहून अधिक हौशी नौका आहेत. काही वर्षांपूर्वीच्या युरोपीय आयोगाच्या अंदाजानुसार त्यातल्या किमान ८०,००० दरवर्षी आयुष्य संपवतात आणि नीट मोडल्या जातात जेमतेम २,०००. फ्रान्समधल्या नौका उद्योगाने २००९ मध्ये एपीईआर नावाची संस्था उभी केली आणि २०१९ पासून तिच्याकडे सरकारमान्य जबाबदारी आली. तत्त्व साधं आहे. नवी होडी विकताना बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने थोडी रक्कम या संस्थेत भरायची, शिवाय नौकांवरच्या वार्षिक करातला काही भाग तिला द्यायचा. अडीच ते चोवीस मीटरपर्यंतची नोंदणी झालेली जुनी होडी मालकाने केंद्रावर आणून द्यायची, मोडण्याचा खर्च शून्य. तिथं आधी डिझेल, तेल, बॅटऱ्या काढतात, मग डोलकाठी, धातू, लाकूड, आणि शेवटी जबड्याचं यंत्र सांगाडा फोडतं. पहिल्या काही वर्षांतच हजारो नौका अशा मोडल्या गेल्या.

या व्यवस्थेतही दोन गाठी राहतात. होडी केंद्रापर्यंत न्यायचा खर्च मालकाचाच, आणि तेवढ्यासाठी पुष्कळ जण होडी जिथल्या तिथं सोडतात. नॉर्वेने २०१७ पासून जुनी होडी आणून देणाऱ्याला १,००० क्रोनर द्यायला सुरुवात केली ती याच अडचणीवर. दुसरी गाठ म्हणजे तुकडे झाल्यावर त्यांचं काय. आजवरचं सर्वांत चालणारं उत्तर आहे सिमेंटची भट्टी. तिचं तापमान १,४५० अंशांच्या आसपास जातं. तिथं राळ इंधन म्हणून जळते आणि काचेतली वाळू, चुना, ॲल्युमिना सिमेंटच्या घटकांतच मिसळून जातात. मागे राख उरत नाही. होडीचं सिमेंट होणं हे फार सुंदर मरण म्हणता येणार नाही, पण खाडीत कुजत न कुजत पडून राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आर्केमा या फ्रेंच कंपनीची एलियम नावाची राळ परत वितळवता येते आणि तिच्या काही नौकाही बनल्या आहेत. मच्छीमाराच्या होडीपर्यंत ती यायला वेळ लागेल.

आपल्याकडे कागदावर हे उत्तर आधीपासून आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्येच फायबरच्या कचऱ्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यातही सिमेंट भट्टीचाच मार्ग सांगितला. पण महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. राज्यातल्या बहुतेक मोठ्या सिमेंट भट्ट्या चंद्रपूर जिल्ह्यात, घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर भागात. मालवणहून तिथं जायचं म्हणजे नऊशे-हजार किलोमीटर, सबंध राज्य आडवं कापून. होडी आतून पोकळ. ट्रकवर एकदोन सांगाडे चढवले की बाकी सगळी हवाच वाहायची. एका होडीवर जगणारा नाखवा हे भाडं भरील अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

म्हणून होडी किनाऱ्यावरच बारीक करायला हवी. तालुक्याच्या मोठ्या बंदराजवळ एक बंदिस्त शेड, धूळ ओढून घेणारी सोय, एक श्रेडर, काम करणाऱ्यांना खरे मास्क. बारीक केलेला माल दाबून भरला की ट्रकमध्ये हवेची जागा राहत नाही. वर्षभर माल साठवून पावसाळ्यानंतर एकदाच पाठवता येईल. हे यंत्र परदेशी किंवा अवघड नाही, टायर आणि प्लॅस्टिक फाडायला तसली यंत्रं आपल्याकडे चालतात.

पैशांचं उत्तरही फार लांब नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीपोटी हजारो फायबर होड्या वाटल्या गेल्या. त्या होड्या आता वीस वर्षांच्या झाल्या आणि त्या मोडण्यासाठी तेव्हा कुणी एक रुपया बाजूला ठेवला नव्हता. आज पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमाराला जुन्या होडीच्या जागी नवी घ्यायला ४० टक्के अनुदान मिळतं, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. जुन्या होडीच्या जागी नवी, असं योजनेतच म्हटलं आहे. मग जुनीचं काय झालं हे त्याच अर्जात विचारता येईल. अनुदानाच्या रकमेतला छोटा हिस्सा आणि साच्यातून होडी काढणाऱ्या कारखान्याने प्रत्येक होडीमागे भरायची ठरावीक रक्कम, एवढ्यावर शेड आणि ट्रकचं भाडं निघू शकेल. नोंदणी क्रमांक प्रत्येक होडीच्या कडेवर रंगवलेला असतो. होडी शेडमध्ये आली की तो क्रमांक रद्द करायचा, मालकाला पावती द्यायची, आणि ती पावती नव्या होडीच्या अर्जाला जोडायची. त्यासाठी अर्जात एक रकाना वाढवावा लागेल.